लिलावातले घर

गेल्या श्रावणात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी आयुष्यात पहिल्यांदा लिलावात बोली लावली. ती लावली घरच्या जेवणाच्या टेबलावर, मुलीच्या लॅपटॉपवर, निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून. बोली होती त्रेचाळीस लाख पंचेचाळीस हजारांची. एवढा मोठा आकडा माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता आणि त्या दिवशीही निघायची गरज पडली नाही. एक बटण दाबायचे होते. ते दाबले, आणि सर्वोच्च बोली आपलीच असल्याचे पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटले.

चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. आकड्यांची भीती कधी वाटली नव्हती. त्या सकाळी मात्र हात कापत होता, हे कबूल केलेले बरे.

या प्रकरणाची सुरुवात वर्तमानपत्रातूनच झाली. आतल्या पानांवर मुंगीएवढ्या अक्षरांत बँकांच्या ज्या जाहीर नोटिसा छापलेल्या असतात, त्या आपण सहसा वाचत नाही. आमच्या मुलीने वाचायला सुरुवात केली, कारण ती आणि जावई कल्याणला भाड्याने राहतात, दर अकरा महिन्यांनी करार नवा होतो, भाडे वाढते, आणि घर घ्यायचे म्हटले की बिल्डरचा आकडा ऐकून दोघे गप्प होतात. एका रविवारी तिने नोटिशीवर पेनाने गोल केला. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. राखीव किंमत ४३ लाख २० हजार. आजूबाजूला तशा घराला पंचावन्नच्या खाली कुणी बोलत नव्हते. खाली कर्जदाराचे नाव, थकबाकी ३८ लाख ६० हजार ‘अधिक पुढील व्याज’, आणि घर ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विकले जाईल, असे एक वाक्य. ते वाक्य मी तीनदा वाचले. इतके प्रामाणिक आणि इतके निरुपयोगी वाक्य मराठीत दुसरे नसेल.

माझा भाचा वकील आहे. त्याने जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे. २००२ च्या कायद्याने, ज्याला बोलताना सगळे ‘सरफेसी’ म्हणतात, बँकेला गहाण घर न्यायालयात दावा न लावता विकता येते. हप्ते थकून खाते बुडीत ठरले, की साठ दिवसांची नोटीस जाते. पैसे आले नाहीत तर बँक ताबा घेते. हा ताबा पुष्कळदा ‘प्रतीकात्मक’ असतो, म्हणजे दारावर कागद चिकटवलेला आणि आत माणसे राहत असलेली. मग लिलावाची नोटीस. ती दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. बोली लावण्याआधी इसाराची रक्कम भरायची. आमच्या बाबतीत ती राखीव किंमतीच्या दहा टक्के, म्हणजे ४ लाख ३२ हजार होती. जिंकलात तर इसार धरून पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी, आणि उरलेले विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. मुदत वाढवून मिळू शकते, पण त्यावर भरवसा ठेवू नये. पैसे वेळेत भरले नाहीत तर आधी भरलेले बुडाले.

‘आणि मावशी,’ तो म्हणाला, ‘घर एकदा बघून ये. बँकेने पाहणीचा दिवस दिलेला असतो. लोक जात नाहीत. फोटो बघून बोली लावतात.’

गेले. हे बरोबर आले नाहीत; जिना चढवत नाही म्हणाले. ते खरे कारण नव्हते, असे मला तेव्हाही वाटले होते. बँकेचा तरुण अधिकारी खालीच मोटरसायकलला टेकून फोनवर बोलत होता. त्याने वर बोट दाखवले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडले ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाईंनी. ‘लिलावाचे का? या. चपला आत काढा, बाहेर राहत नाहीत.’ पाण्याचा पेला समोर आला. मग त्यांनी मला घर दाखवले, जसे एखाद्या लांबच्या नातेवाइकाला दाखवावे तसे.

मागच्या गॅलरीकडची भिंत पावसात गळते, हे त्यांनी सांगितले. कपाट सरकवून ओल दाखवली. पार्किंगची जागा या घराबरोबर नाही, ती मुलाने आधीच विकली. सोसायटीचे दोन वर्षांचे पैसे थकले आहेत. पाणी पहाटे साडेपाचला येते, पाऊण तास. यातली एकही गोष्ट नोटिशीत नव्हती. मुलाचा छपाईचा छोटा कारखाना होता. २०२० च्या टाळेबंदीत तो बसला तो उठलाच नाही. ‘तो म्हणतो दिवाळीपर्यंत पैसे उभे करतो,’ त्या म्हणाल्या, आणि मी होकारार्थी मान हलवली. भाच्याने मला सांगितले होते, की २०१६ च्या दुरुस्तीनंतर आणि विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर, लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की थकबाकी भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. म्हणजे त्या दिवाळीची वाट बघत होत्या आणि त्यांची मुदत कधीच टळून गेली होती. मी ते बोलले नाही. पाणी पिऊन उठले.

घरी येताना रिक्षात मनात आले ते वेगळेच. थकबाकी आणि खर्च वजा जाता लिलावात वर जे पैसे उरतात, ते कायद्याप्रमाणे कर्जदाराला परत जातात. घर जितके महाग विकले जाईल तितके त्या बाईंच्या कुटुंबाच्या हाती जास्त पडणार. आणि नेमके त्यांनीच मला ओल दाखवली होती. व्यवहारातल्या सगळ्या पक्षांपैकी खरे बोलण्यात ज्याचे नुकसान, तो एकच पक्ष माझ्याशी खरे बोलला.

त्या रात्री ह्यांनी कागदावर लिहिले, ‘४७. पुढे नाही.’ आणि तो कागद लॅपटॉपला चिकटवला.

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. माझ्या माहेरच्या गावी मात्र त्याला ‘सवाल’ म्हणत. उत्सवाच्या शेवटी देवापुढचा नारळ, केळीचा फणा, साडीचा खण यांचे सवाल व्हायचे. आजोबा ‘एक वार, दोन वार’ म्हणत थांबायचे आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघायचे. त्या थांबण्यातच सगळे असे. एखादी नवसाची बाई पदराची गाठ सोडून पुढे आली, की गावचा दुकानदारसुद्धा खाली मान घालून गप्प बसे. त्याच्याकडे पैसे नव्हते असे नाही. लोक बघत होते. पुढे त्याच गावात एका घरावर जप्ती आली, तेव्हा बोली लावायला गावातला एकही माणूस उभा राहिला नाही. तालुक्याहून माणूस आला.

लिलावाने लोकांच्या मनात काय साठते, हे या प्रांताला ठाऊक आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून जे दंगे पेटले, त्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते शोधून शोधून जाळली. न्यायालयाचे हुकूमनामे आणि त्यांपाठोपाठ जाणाऱ्या जमिनी, हा राग त्यामागे होता. सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आजची बँक म्हणजे तेव्हाचा सावकार नव्हे, हे मला समजते. बँकेचा पैसा ठेवीदारांचा असतो. माझी निवृत्तीची रक्कमही अशाच एका बँकेत आहे, आणि कर्जे बुडू लागली तर रात्री झोप मलाच लागणार नाही. तेव्हा घरे विकूच नयेत, असे म्हणणारी मी नव्हे.

लिलावाच्या दिवशी अकराला सुरुवात झाली. साडेबारापर्यंत माझ्या एका बोलीखेरीज काहीच हलले नाही. मुलगी म्हणाली, ‘आई, मिळालेच म्हणायचे.’ एकला आठ मिनिटे असताना कुणीतरी पंचवीस हजार चढवले. त्या माणसाला नाव नव्हते, एक क्रमांक होता. मीही चढवले. त्याने पुन्हा.

इथे एक नियम समजून घ्यायला हवा. १९९५ साली अमेरिकेत ‘ईबे’ सुरू झाले, तिथे लिलावाची वेळ ठरलेली. घड्याळ संपले की संपले. त्यामुळे लोक दबा धरून बसतात आणि शेवटच्या सेकंदाला झडप घालतात. आपल्याकडच्या बँकांच्या लिलावात शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली, की वेळ आणखी पाच मिनिटे वाढते. अशी कितीही वेळा. नियम न्याय्य आहे. पण त्यामुळे प्रत्येक पाच मिनिटांना तोच प्रश्न नव्याने समोर येतो: एवढ्यासाठी सोडायचे? आणि पंचवीस हजार ही रक्कम पंचेचाळीस लाखांशेजारी बसली की पंचवीस रुपयांसारखी दिसू लागते. एरवी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी मी हुज्जत घालते.

४६ लाख ९५ हजारांची बोली माझी होती. समोरून ४७ लाख २० हजार आले. कागद डोळ्यांसमोर होता. हे काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची मागे सरकवली. मी पुढचे बटण दाबले. मग आणखी. दीड वाजून गेला. मुलगी म्हणत होती, ‘आई, पुरे,’ आणि मला त्या क्रमांकाचा राग येत होता. जणू तो माझ्याच घरात शिरू बघत होता. ४८ लाख ९५ हजारांपर्यंत मी गेले. ही बोली टिकली असती तर इसार वजा जाता पुढच्या दिवशी मला ७ लाख ९१ हजार ७५० रुपये भरावे लागले असते. म्हणजे मुदतठेव मोडावी लागली असती. हा हिशेब मी नंतर केला. गणिताच्या बाईने, नंतर केला.

समोरून ४९ लाख २० हजार आले. तेवढ्यात आमचे इंटरनेट गेले. मोबाइलवरून जोडणी करून परत येईपर्यंत वेळ संपली होती. मी स्वतःहून थांबले, असे लिहायला मला आवडले असते.

विजेत्याच्या या अवस्थेला अर्थशास्त्रात ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. १९७१ मध्ये तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून तो मांडला. एका वस्तूची खरी किंमत कुणालाच पक्की ठाऊक नसते. प्रत्येक जण अंदाज करतो. सगळ्यांचे अंदाज मिळून बरोबरीला येतीलही, पण लिलाव जिंकतो तो सगळ्यांत चढा अंदाज करणारा, म्हणजे बहुधा चुकलेला. २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना मिळाले, त्यांच्या अभ्यासात हा शाप येतो. त्यांनी एक गोष्ट दाखवली आहे, ती आपल्या नोटिसा लिहिणाऱ्यांनी वाचावी: वस्तूची माहिती जितकी उघड, तितकी खरेदीदाराची शापाची भीती कमी, आणि साधारणपणे विकणाऱ्यालाच भाव चांगला मिळतो.

म्हणून माझी तक्रार लिलावाविरुद्ध नाही, त्या मुंगीएवढ्या अक्षरांविरुद्ध आहे. सरकारी बँकांच्या अशा मालमत्ता एका जागी दिसाव्यात म्हणून २०२५ च्या सुरुवातीला ‘बँकनेट’ हे संकेतस्थळ नव्याने सुरू झाले. सोय चांगली आहे. पण घरात कोण राहते, ताबा प्रत्यक्ष आहे की कागदावरचा, सोसायटीचे किती थकले आहे, पार्किंग आहे की नाही, हे बँकेला विचारून, लिहून, छापून टाकायला काय जड जाते? प्रत्यक्ष ताब्यासाठी पुढे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जाणार, पोलीस येणार, त्या बाईंचे कपाट जिन्यात येणार. हे ज्याच्या पैशाने होणार त्याला आधी कळायला नको?

आणि दुसरी गोष्ट माझी माझ्याशी आहे. त्या अडीच-पावणेतीन तासांत मला पाण्याचा पेला एकदाही आठवला नाही. ओल आठवली नाही, पहाटेचे पाणी आठवले नाही, दिवाळी आठवली नाही. नंतर मनाची समजूत घातली, की मी चढवत गेले म्हणून त्यांच्या पदरात पाच लाख जास्त पडले असतील. हिशेब चूक नाही. फक्त तो बोली लावताना माझ्या मनात नव्हता.

इसाराचे पैसे चौथ्या दिवशी खात्यात परत आले. मेथी त्या दुपारीच टाकून द्यावी लागली होती. ह्यांनी तो कागद अजून काढू दिलेला नाही. लॅपटॉप मुलीचा, तरी.

परवा तिने आणखी एका नोटिशीवर गोल केला आहे, कल्याण पश्चिम, पहिला मजला. पाहणीचा दिवस शनिवारचा आहे. आम्ही दोघी जाणार आहोत. आणि या वेळी हेही येतो म्हणालेत.