आकड्यापेक्षा डोळे खरे

डीव्हीडी आणि ब्लू-रे या तबकड्या दिसायला सारख्याच. पण डीव्हीडीचे चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख ठिपक्यांचे असते. २००६ साली आलेल्या ब्लू-रेचे चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ठिपक्यांचे! मग ब्लू-रेच घ्यावी का? माझे मत असे, की आधी घरचा टीव्ही पाहा. मोठ्या पडद्यावर जवळून फरक चटकन दिसतो. लहान पडद्यावर लांबून तो कळतही नाही. शिवाय मूळ चित्रीकरणच अस्पष्ट असेल, तर तबकडी काय करणार? म्हणून नुसता आकडा ऐकून घरच्यांना खर्चात पाडू नका. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा, मगच ठरवा.