लॅपटॉप नवा झाला, पण बोलायचा थांबला! विंडोज ११ च्या धांदलीत आपल्या गावातल्या अंध मुलांचं काय?

डहाणू : दुकानदाराने लॅपटॉप हातात दिला आणि म्हणाला, "विंडोज अकरा टाकलंय, आता मस्त पळेल." लॅपटॉप पळतच होता. फक्त तो ज्याचा होता त्या मुलासाठी मेल्यात जमा होता. बटण दाबलं, पंखा फिरल्याचा आवाज आला, आणि पुढे सगळं गप्प.

चिंचणी-वाढवण पट्ट्यातल्या एका घरातली ही गोष्ट. मुलगा पूर्ण अंध आहे, पदवीधर आहे, स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. नाव देऊ नका असं त्यानेच सांगितलं. त्याचा लॅपटॉप बोलतो म्हणून तो वाचतो, लिहितो, फॉर्म भरतो. दुकानातून परत आला तेव्हा एका भरतीच्या अर्जाला दोन दिवस उरले होते. वडील मासेमारी करतात, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. शेवटी सातवीतल्या भाच्याला समोर बसवलं. तो एक-एक अक्षर लावून वाचणार, आणि मामा "आता एंटर दाब, आता टॅब दाब" सांगणार. दीड दिवस गेला. अर्ज भरला गेला, पण माहिती असती तर हेच काम अर्ध्या तासाचं होतं.

ही एका घराची गोष्ट नाही. बोईसर, डहाणू रोड, तलासरी नाका, कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात जा, जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवायचं काम चालूच असतं. कारण सरळ आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला नाही, पण सुरक्षेचे मोफत अपडेट थांबले आणि पडद्यावर सूचना यायला लागल्या. लोक घाबरले, लॅपटॉप दुकानात न्यायला लागले. डोळस माणसाला नव्या विंडोजमध्ये फार तर बटणं इकडची तिकडे झालेली दिसतात. अंध माणसाचा मात्र आवाजच जातो.

बोलणारा लॅपटॉप म्हणजे काय?

पडद्यावर जे लिहिलंय ते वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. आपल्याकडे सर्वात जास्त चालतं ते एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते बनवायला घेतलं. ते आजही पूर्ण मोफत आहे. त्यातला ईस्पीक नावाचा आवाज मराठीही वाचतो. जरा यंत्रासारखा वाचतो, पण वाचतो. जॉज नावाचं दुसरं सॉफ्टवेअर आहे, ते पैसे मोजून घ्यावं लागतं. विंडोजमध्ये स्वतःचा नॅरेटर असतो आणि मोबाईलमध्ये टॉकबॅक.

आता अडचण नेमकी कुठे होते ते बघू. आपल्या भागात 'अपग्रेड' आणि 'फॉरमॅट' हे दोन शब्द एकच समजले जातात. तसे ते नाहीत. अपग्रेड म्हणजे जुन्यावर नवं चढवणं, त्यात तुमच्या फायली आणि एनव्हीडीए बहुतेक वेळा जागच्या जागी राहतात. फॉरमॅट म्हणजे घर पाडून नवं बांधणं. दुकानदाराला फॉरमॅट सोपा पडतो. पेनड्राइव्ह लावला, अर्ध्या तासात काम झालं. त्यात स्क्रीन रीडर उडतो, वर्षानुवर्षं बसवलेली सेटिंगं उडतात. जॉज विकत घेतलं असेल तर आणखी पंचाईत, कारण त्याचा परवाना ठरावीक वेळाच चालू करता येतो आणि प्रत्येक फॉरमॅटला त्यातली एक वेळ खर्ची पडू शकते. दुकानदाराचा दोष किती म्हणायचा? त्याला कोणी सांगितलंच नाही की हा लॅपटॉप बोलून चालतो.

म्हणून पहिली गोष्ट दुकानात जाण्याआधीची. एनव्हीडीएच्या टूल्स मेनूमध्ये पोर्टेबल कॉपी बनवायची सोय आहे. एक पेनड्राइव्ह घ्या, त्यावर ती कॉपी बनवा, आणि आपली सेटिंगं सोबत घेण्याच्या खुणेवर टिक करा. हा पेनड्राइव्ह घरी ठेवा, दुकानात देऊ नका. लॅपटॉप गप्प होऊन परत आला तरी पेनड्राइव्ह लावून एनव्हीडीए त्यावरून थेट चालू करता येतं.

पेनड्राइव्ह नसेल तर विंडोजचं बटण, कंट्रोल आणि एंटर हे तिन्ही एकदम दाबा. नॅरेटर बोलायला लागेल. इंग्रजीत बोलेल, पण पडद्यावर काय आहे ते कळेल. एवढी एक गोष्ट त्या वाढवणच्या मुलाला कोणी सांगितली असती तर भाच्याची शाळा बुडाली नसती.

नॅरेटरही बोलला नाही तर बहुतेक वेळा स्क्रीन रीडरची चूक नसते. नवं विंडोज टाकल्यावर आवाजाचा ड्रायव्हर बसलेला नसतो. स्क्रीन रीडर बिचारा बोलत असतो, स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. यावर स्वस्तातला उपाय म्हणजे यूएसबीचा हेडफोन. तो लावला की विंडोज सहसा आपोआप ओळखतं आणि आवाज येतो. मग सावकाश ड्रायव्हर टाकता येतो.

आता एनव्हीडीए पुन्हा बसवताना अनेकांना घाम फोडणारी एक जागा आहे. फाईल चालू केली की आधी एक छोटी धून वाजते आणि तात्पुरतं एनव्हीडीए बोलायला लागतं. तुम्ही अटी मान्य करता, 'इन्स्टॉल' दाबता, आणि अचानक सगळं शांत. माणसाला वाटतं लॅपटॉप अडकला. तो बटण दाबून बंद करतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पुन्हा तिथेच अडकतो. होतं असं की विंडोज त्या क्षणी पडदा काळसर करून विचारतं, "या सॉफ्टवेअरला परवानगी द्यायची का?" हा प्रश्न सुरक्षित पडद्यावर येतो आणि तात्पुरत्या किंवा पेनड्राइव्हवरच्या एनव्हीडीएला तो पडदा वाचता येत नाही. अशा वेळी घाबरायचं नाही. ऑल्ट धरून वाय दाबायचं, म्हणजे 'हो' जातं. विंडोज इंग्रजीत असेल तर हे चालतं. खात्री नसेल तर तिथेच पुन्हा नॅरेटरची तीन बटणं दाबून ऐकून घ्यायचं. एकदा एनव्हीडीए पूर्ण बसलं की पुढे तो काळा पडदाही ते वाचतं. बसवताना साइन-इनच्या वेळी चालू ठेवायचा पर्याय मात्र सोडू नका, नाहीतर पासवर्ड टाकायच्या जागीच पुन्हा गप्प.

बसलं, पण नीट वाचत नाही, अशीही तक्रार असते. ब्राउझर उघडला की नुसतं 'अननोन', 'पेन' असं काहीतरी बरळतं. सॉफ्टवेअर टाकण्या-काढण्यात विंडोजच्या काही नोंदी बिघडल्या की असं होतं. टूल्स मेनूमध्ये कॉम रजिस्ट्रेशन फिक्सिंग टूल आहे, ते चालवून लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा. नवी आवृत्ती टाकल्यावर जुने अॅड-ऑन बंद पडणं हेही नेहमीचं. वर्षातली पहिली आवृत्ती आली की हे हमखास होतं. गडबड वाटली तर बाहेर पडण्याच्या खिडकीत 'अॅड-ऑन बंद ठेवून पुन्हा सुरू करा' असा पर्याय आहे, तो वापरून बघावं. नीट चाललं तर चोर अॅड-ऑनमध्ये.

जुन्या लॅपटॉपवाल्यांनी मात्र थांबून विचार करावा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा हवा. कोणी तुम्हाला जुन्या मशीनवर "लाइट वाली विंडोज टाकतो" म्हणालं तर नको म्हणा. हलकं करण्यासाठी अशा चोरट्या विंडोजमधून जे भाग काढून टाकलेले असतात त्यात नॅरेटर आणि आवाजाचे भागही गेलेले असू शकतात. त्यापेक्षा विंडोज १० वरच राहिलेलं बरं. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती पैसे न देताही मिळते. अजून विंडोज ७ असेल तर त्यावर एनव्हीडीएची २०२३.३.४ ही शेवटची आवृत्ती चालते. नवी टाकायला गेलात तर बसणारच नाही, आणि तुम्हाला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं.

मोबाईलचं दुखणं वेगळं

लॅपटॉप किती घरांत असणार? खेड्यातला अंध माणूस मोबाईलवर आहे. तिथेही रात्री अपडेट येतो आणि सकाळी फोन मराठी सोडून इंग्रजी झाडायला लागतो. हा बिघाड नसतो, मराठी आवाजाची फाईल गेलेली असते. सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये जाऊन मराठी आवाज पुन्हा डाउनलोड करायचा. नेट लागेल, म्हणून सायवन, उधव्याकडच्या लोकांनी रेंज असलेल्या ठिकाणी गेल्यावर हे उरकून घ्यावं. टॉकबॅक पूर्ण बंद झाला असेल तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरा. हा शॉर्टकट सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवलेला असला पाहिजे, आणि ते काम आजच करा.

काही जण टॉकबॅकऐवजी बाहेरून एपीके घेऊन टाकलेला दुसरा स्क्रीन रीडर वापरतात. अँड्रॉइड १३ पासून अशा अॅपला अॅक्सेसिबिलिटीची परवानगी सहज मिळत नाही, 'प्रतिबंधित सेटिंग' म्हणून फोन नकार देतो. अॅपच्या माहितीच्या पानावर वरच्या तीन टिंबांत परवानगी द्यायचा पर्याय असतो. पण जपून. लोकांचे बँक खाते साफ करणारे भामटे हीच परवानगी मागतात, म्हणून तर गूगलने हे कुलूप लावलं. ओळखीच्या स्क्रीन रीडरशिवाय कुणालाही ते उघडून देऊ नका.

याला एवढं महत्त्व कशासाठी, असं कोणी विचारेल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांगांचं अनुदान महिना १५०० वरून २५०० रुपये करायचं ठरवलं. ते थेट खात्यात येतं. आलं की नाही हे मेसेज सांगतो, आणि मेसेज फोन वाचून दाखवतो. फोन गप्प झाला की अंध आजी शेजारच्या पोराला फोन देते, ओटीपी सांगते, पिनही सांगते. पोरगा चांगला असेल तर ठीक. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत आधारचा ओटीपी टाकायचा होता, तेव्हाही किती बायांनी आपला ओटीपी कुणाकुणाला वाचायला दिला असेल, विचार करा.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला. एक अॅसिड हल्ल्यातून वाचलेली महिला, दुसरे दृष्टिहीन वकील. केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणतात, ते यांना जमणार कसं? न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग मानला आणि २० निर्देश दिले. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर आधीच सांगतो की इलेक्ट्रॉनिक माहिती दिव्यांगांना वापरता आली पाहिजे. कागदावर सगळं आहे. पण फॉर्मच्या शेवटी चित्रातला कॅप्चा आला की कायदा तिथेच उभा राहतो, कारण स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरं वाचता येत नाहीत.

वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. ७६ हजार २०० कोटींच्या आसपासचा प्रकल्प, ७४ टक्के जेएनपीए आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड. बंदर हवं की नको यावर गावाचं मत सगळ्यांना माहीत आहे, तो वाद इथे काढत नाही. पण स्थानिकांना रोजगार हे आश्वासन ज्यांनी दिलं त्यांना एक प्रश्न विचारता येईल. सरकारी आस्थापनांमध्ये दिव्यांगांना किमान ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांचा. इथल्या प्रशिक्षणाच्या वर्गांत, अर्जाच्या केंद्रांत एका तरी कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे का? एनव्हीडीए फुकट आहे, खर्च शून्य. नसेल तर कारण काय?

पैसे लागतात तिथे ग्रामपंचायतीकडे मार्ग आहे. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी हे पैसे दिवाळीच्या सुमारास थोडे थोडे वाटून संपवले जातात, वाटणाऱ्याचा फोटो निघतो. त्यातून पंचायतीत एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर, हेडफोन, आणि आपले सरकार केंद्र चालवणाऱ्या मुलाला एका दिवसाची शिकवणी एवढं सहज होईल. शिकवणीला मुंबईहून कुणी यायची गरज नाही. वाढवणच्या त्या मुलाला आता नॅरेटरची तीन बटणंही पाठ आहेत आणि काळ्या पडद्यावरचं ऑल्ट-वायही. मी विचारलं, शिकवशील का? तो म्हणाला, "बोलवलं तर येईन, पण गाडीभाडं देतील का ते विचारून घ्या."