ऊसतोड कामगाराचा मालक कोण, हे गाळप परवान्यापूर्वी ठरवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, साखर संकुल, पुणे
मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ऊसतोड कामगारांची नावानिशी नोंद, माथाडीच्या धर्तीवर मंडळ आणि संघटनेला वाटाघाटीचा हक्क मिळण्याबाबत.

महोदय,

मंत्री समितीची बैठक होईल, गाळपाची तारीख ठरेल आणि बीड, पाथर्डी, शेवगावकडच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते नेहमीप्रमाणे कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पार कर्नाटकापर्यंत जातील. त्याआधी आम्हाला एका प्रश्नाचे लेखी उत्तर हवे आहे. आमचा मालक कोण?

कारखान्याला विचारावे तर तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराचे नाव सांगतो. ठेकेदार मुकादमाकडे पाठवतो. मुकादम म्हणतो, मी स्वतःच उचल घेऊन आलोय, मला काय विचारता? कारखान्याचे कागद मात्र वेगळेच सांगतात. कोणत्या टोळीने कोणत्या गटातला फड कधी घ्यायचा, याची चिठ्ठी कारखान्याचा शेती विभाग काढतो. फडात त्याचा स्लिपबॉय येतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून कारखानाच कापून घेतो. काम लावणारा, मापणारा आणि पैसे कापणारा एकच असेल तर मालक दुसरा कसा?

या कपातीमुळे शेतकऱ्याला वाटते की मजुराची दरवाढ आपल्याच खिशातून जाते. वर ‘खुशाली’ द्यावी लागते, म्हणून त्याचा रागही आमच्यावरच निघतो. त्या शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. त्याच्या पैशाला निदान ऊस नियंत्रण आदेश, १९६६ चा आधार आहे : १४ दिवसांत रक्कम द्या, नाहीतर १५ टक्के व्याज. तो ऊस तोडणाऱ्याच्या मजुरीला असा एक दिवसही लागू नाही. १९५० साली प्रवरेचा कारखाना सहकाराच्या नावाने उभा राहिला, पुढे राज्यभर शेकडो झाले. ऊस लावणारा सभासद झाला. ऊस तोडणारा आजवर कारखान्याच्या कोणत्याच वहीत आला नाही.

वहीत येतो तो ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक उचल, एक हिशेब. पहाटे तीनला पालातून बाहेर पडून बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. उचलीचा अंगठा मात्र नवऱ्याचा आणि पावती वाहतूकदाराच्या नावाची. ती आजारी पडली की खाडा धरतात. कुठे दिवसाला पाचशे, कुठे त्याहून जास्त. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही. बीड जिल्ह्यात शासनाच्याच समितीने २०१९ मध्ये पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. हा आकडा विधिमंडळात गाजला, वर्तमानपत्रांत छापून आला. खाडा मात्र तसाच चालू आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी १८९० साली मिळवून दिली. फडात अजून रविवार उगवलेला नाही.

म्हणून आमची पहिली मागणी गाळप परवान्याशी जोडलेली आहे. हंगामात तोडणीला येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे नाव, स्त्रीचे स्वतंत्र आणि पुरुषाचे स्वतंत्र, असलेला हजेरीपट दाखल केल्याशिवाय कोणत्याही कारखान्याला परवाना देऊ नये. एफआरपीची थकबाकी दाखवून परवाने अडवले जातात, हे आम्ही पाहत आलो आहोत. तोच अधिकार मजुरासाठी वापरायला नवा कायदा लागत नाही.

मुख्य मागणी मंडळाची. कारखाने टनामागे दहा रुपये देणार आणि शासन तेवढीच भर घालणार, असे कल्याण महामंडळ आहे. वसतिगृहांची योजना आहे. ती चांगली आहे, मोडू नका. पण कल्याण वरून वाटले जाते आणि हक्क खालून मागावा लागतो. आम्हाला १९६९ च्या माथाडी कायद्यासारखे मंडळ हवे. हमालालाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या वखारीत. अण्णासाहेब पाटलांच्या आणि बाबा आढावांच्या पिढीने त्यावर उपाय मिळवला : मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची, त्यातूनच भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना. मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. ऊसतोडीला ही पद्धत जशीच्या तशी लागू पडते. उचल मंडळाने द्यावी, फिटलेल्या रकमेची पावती दर पंधरवड्याला द्यावी, आणि मागच्या हंगामाची बाकी दाखवून माणसाला पुढच्या हंगामात बांधून ठेवणे बंद व्हावे. किमान वेतनाखाली राबवणे ही सक्तीची मजुरी ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या निकालातच सांगितले आहे.

संघटनेबद्दल थोडे कडू बोलावे लागेल, आणि ते आमच्याच घरातले आहे. ‘कोयता बंद’ची हाक येते तेव्हा मुकादम आणि मजूर एकाच झेंड्याखाली उभे असतात. ज्याचे कमिशन मजुराच्या तोडीवर ठरते, तो मजुराचा पुढारी कसा चालेल? दर मोठ्या नेत्यांच्या लवादात ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तोडणी टनाला ३६६ रुपये झाली. वाढ खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण त्या करारावर फडातल्या एकाही माणसाचे मत घेतले गेले नाही. कारखाने सर्वपक्षीय, लवादही त्यांच्यातलाच. मग मजुराची बाजू त्या खोलीत मांडणार कोण? पुढील वाटाघाटींत मुकादम आणि वाहतूकदारांची बाजू वेगळी धरावी, तोडणी कामगारांचे प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडावेत, त्यात निम्म्या महिला असाव्यात.

त्यात नव्या श्रमसंहितांनी भर घातली आहे. औद्योगिक संबंध संहितेनुसार एकाहून अधिक संघटना असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार ज्या संघटनेमागे, तिला वाटाघाटीचा एकमेव हक्क. आमचा हजेरीपटच नाही. मग ५१ टक्के कशाचे मोजणार? संपाआधी १४ दिवसांची नोटीस मालकाला द्यावी, असेही तीच संहिता म्हणते.

या हंगामात कोयता खाली ठेवायची वेळ आली, तर ती नोटीस आम्ही कोणाच्या नावाने लिहायची, हे मंत्री समितीच्या बैठकीआधी दोन्ही कार्यालयांनी मिळून लेखी कळवावे.

आपले,
खाली सह्या व अंगठे करणारे ऊसतोड कामगार, महिला आणि पुरुष

प्रत : मा. कामगार मंत्री आणि मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य