पापनाश एका वटहुकुमाने होत नाही

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम या तालुक्याच्या गावी एकशे आठ शिवलिंगांचे देवालय आहे. वधाचे पातक धुऊन काढण्यासाठी रामाने ही लिंगे स्थापिली, अशी तेथील आख्यायिका. पुराणातल्या राजाला त्यासाठी एकशे आठ लिंगे स्थापावी लागली. आजच्या राज्यकर्त्यांना एक वटहुकूम पुरतो. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर, म्हणजे बाजारात ‘व्हेप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रावर, देशभर बंदी जाहीर केली. डिसेंबरमध्ये त्या वटहुकुमाचा कायदा झाला. तरुण पिढी वाचली, असा गजर झाला. कोणापासून वाचली आणि कोणाच्या हाती राहिली, हे मात्र कोणी सांगितले नाही.

ते पाहण्यासाठी पापनाशमच्याच बाजारातील एखादे ‘पेट्टिक्कडै’, म्हणजे आपल्याकडील पानाची टपरी, डोळ्यांपुढे आणावी. भोवतालच्या कावेरीच्या गाळाच्या जमिनीत पानमळे आहेत. ‘कुंभकोणम पान’ म्हणून ज्याला २०२५ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते पान याच पट्ट्यातले. अशा टपरीवर पान कायदेशीर, विडी कायदेशीर, सिगारेटही कायदेशीर. गुटख्याला बंदी. आणि बॅटरीवर चालणारी, निकोटीनयुक्त द्रव तापवून त्याची वाफ ओढावयास लावणारी ती परदेशी नळी ठेवणे हा फौजदारी गुन्हा. विष एकच, निकोटीन. पण कायद्याच्या लेखी त्याच्या जाती निरनिराळ्या. ही जातवारी कोणी ठरविली आणि कोणाच्या सोयीसाठी, हा खरा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या कायद्याने या यंत्रांचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण व जाहिरात या सर्वांना मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा केल्यासही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. स्वतः ओढणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, ही त्यातील योग्य गोष्ट होय. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हे तत्त्व येथे निदान मौनाने तरी मान्य झाले आहे.

परंतु विक्रेत्यांच्या बाबतीत हा कायदा डोळे मिटून घेतो. बंदरात कंटेनर उतरवून घेणारा आयातदार आणि टपरीत दोन नळ्या लपवून ठेवणारा पोरसवदा विक्रेता, दोघेही एकाच कलमाखाली. कागदावर ही समानता दिसते. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यापासून टपरी चार पावलांवर असते आणि आयातदार कित्येक मैल दूर. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला या यंत्रांची उघड विक्री करणाऱ्या १५ संकेतस्थळांना नोटिसा धाडाव्या लागल्या. बंदीला चार वर्षे होत आली असताना माल दूरध्वनीवर बोट फिरवून घरपोच मिळत होता, याची ही सरकारनेच दिलेली कबुली होय.

सिगारेट शाबूत, यंत्र बेकायदा

वटहुकूम जाहीर झाला त्या दिवशी शेअर बाजारात सिगारेट कंपन्यांचे समभाग वधारले. भांडवलदाराला वर्तमानपत्रातील अग्रलेख समजो न समजो, आपला नफा कोठे आहे हे त्याला तत्काळ समजते. २०१९ साली अमेरिकेतील जूल ही व्हेप कंपनी भारतात उतरण्याच्या तयारीत होती. तिचा मार्ग बंद झाला, आणि जुन्या सिगारेटची बाजारपेठ जुन्या मालकांकडे अबाधित राहिली.

हे मालक कोण? १९१० साली कलकत्त्यात इंपीरियल टोबॅको या नावाने स्थापन झालेली कंपनी आज आयटीसी म्हणून ओळखली जाते. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या लंडनच्या कंपनीने २०२४ व २०२५ मध्ये आपले काही समभाग विकले, तरीही आयटीसीतील पाचव्या हिश्श्याहून अधिक मालकी तिच्याकडे उरली. राज्य गेले, युनियन जॅक उतरला, धुराची खंडणी मात्र चालू आहे. दुसरा मोठा भागधारक आहे राष्ट्रीयीकृत आयुर्विमा महामंडळ. पापनाशमच्या शाळेतील शिक्षक मुलाबाळांच्या भविष्यासाठी जो हप्ता भरतो, त्याच पैशांच्या राशीतून सिगारेटच्या कारखान्यात गुंतवणूक होते. आयुष्याचा विमा उतरवावयाचा आणि आयुष्य तोडणाऱ्या धंद्यात भागीदारी करावयाची! या विसंगतीविरुद्ध २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. जुन्या युनिट ट्रस्टच्या मालमत्तेतून निघालेल्या सरकारी निधीकडेही या कंपनीचे समभाग आहेत. शिवाय १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेले तंबाखू मंडळ वाणिज्य मंत्रालयाच्या छत्राखाली तंबाखूची निर्यात वाढविण्यासाठी झटत असते ते वेगळेच.

संसदेत विधेयक आले तेव्हा विरोधी बाकांवरून सरळ प्रश्न विचारला गेला: मग सिगारेटवर बंदी का नाही? त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २६ कोटी ७० लाख प्रौढ माणसे तंबाखूचे सेवन करतात. तंबाखूने दर वर्षी १३ लाखांहून अधिक माणसे मरतात. व्हेपचा प्रसार या तुलनेत नगण्य होता. ज्या दारातून मरण आत आले आहे ते सताड उघडे ठेवून परसातील खिडकीला कुलूप घातले, तर घर सुरक्षित झाले असे म्हणावयाचे काय?

कंपन्यांचे अश्रू

याचा अर्थ असा नव्हे की खिडकी उघडी ठेवावी. व्हेप कंपन्यांचे वकील नेमका हाच निष्कर्ष काढतात, म्हणून त्यांचाही समाचार घेणे भाग आहे. त्यांचे म्हणणे असे की या यंत्रात तंबाखू जळत नाही, डांबर फुप्फुसात जात नाही, म्हणून सिगारेटपेक्षा अपाय कमी. आणि प्रौढ माणसाने काय ओढावे हा त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

अपाय कमी असू शकेल. पण मूळच्या सिगारेट ओढणाऱ्याला सोडविण्यासाठी निघालेले औषध आंबा नि पुदिन्याच्या स्वादात, खेळण्यासारख्या रूपात, सिगारेटला कधी न शिवलेल्या शाळकरी मुलाच्या हाती का पडते? जूलने अल्पवयीनांना गाठणारा प्रचार केल्याच्या प्रकरणात २०२२ साली अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांशी सुमारे ४४ कोटी डॉलरची तडजोड केली. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, मार्लबोरो सिगारेट बनविणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने १,२८० कोटी डॉलर ओतून तिचा ३५ टक्के हिस्सा विकत घेतला होता. रोग विकणारा आणि उतारा विकणारा एकच! ज्या ब्रिटनचा दाखला हे वकील देतात, तेथील सरकारलाही १ जून २०२५ पासून वापरून फेकावयाच्या व्हेपवर बंदी घालावी लागली. स्वातंत्र्याची भाषा येथे विक्रेत्याच्या स्वातंत्र्यासाठी आहे. व्यसनात अडकलेल्याचे स्वातंत्र्य तर पहिल्या महिन्यातच संपलेले असते.

मात्र त्यांच्या एका इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये फुप्फुसाच्या विकाराने २,८०७ माणसे रुग्णालयात गेली वा दगावली, त्यांपैकी ६८ मृत्यू. मुख्य कारण निघाले ते गांजाचा अर्क असलेल्या, बहुतांशी चोरट्या बाजारातील द्रवात मिसळलेले एक तेलकट रसायन. चोरट्या मालात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणूनच ज्या बंदीला अंमलबजावणीचा हात नाही, ती जनतेला माल तर पुरवतेच, वर त्यावरची चिठ्ठीही काढून घेते.

तामिळनाडूचा अनुभव

तामिळनाडूला याचा धडा केव्हाच मिळाला आहे. त्या राज्याने २०१३ साली गुटख्यावर अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी घातली; महाराष्ट्राने वर्षभर आधी, २०१२ मध्ये. ही अधिसूचना दर वर्षी नव्याने काढली जाते. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कागद असा खालीवर होत असता गुटखा मात्र विकला जातच होता. केंद्राच्या आधी वर्षभर, सप्टेंबर २०१८ मध्ये, तामिळनाडूने व्हेपवरही बंदी घातली. आणि नेमक्या त्याच महिन्यात गुटखा प्रकरणातील लाचखोरीच्या आरोपांवरून केंद्रीय अन्वेषण विभागाने राज्याच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांच्या व पोलीस महासंचालकांच्या घरांवर छापे घातले. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. परंतु जनतेने त्यातून एक गोष्ट ओळखली: बंदी हीदेखील बाजारात विकली जाणारी वस्तू होऊ शकते.

त्याच राज्यात दारूची किरकोळ विक्री २००३ पासून सरकारी महामंडळाच्या हाती आहे, आणि २०२३-२४ मध्ये तिच्यापासून मिळालेला महसूल ४५ हजार कोटी रुपयांच्या वर होता. शेतमजुराची मजुरी संध्याकाळी ज्या गल्ल्यात पडते त्या गल्ल्याचा मालक सरकार असेल, तर सकाळच्या व्यसनमुक्तीच्या भाषणावर त्याने कसा विश्वास ठेवावा?

विडी वळणाऱ्या हातांचे काय?

‘सिगारेटवरही बंदी घाला’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तंबाखूच्या धंद्यात केवळ मालक नाहीत. सुमारे ५० लाख विडी कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्या तिरुनेलवेलीत आहेत, तशाच सोलापुरात आणि सिन्नरमध्येही. निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रियांनी संघटित होऊन ज्या लढाया दिल्या, एप्रिल १९८१ मध्ये तेथील आंदोलक शेतकऱ्यांवर जो गोळीबार झाला, त्या सीमाभागातील मराठी वाचकाला तंबाखूची दुसरी बाजू सांगावयास नको. तंबाखूच्या धुळीत दिवस घालविणारी ही स्त्री विडीची पहिली बळी आहे.

तिला राज्यकर्त्यांनी काय दिले? १९७६ च्या कायद्याने विडीवरील उपकरातून दवाखाने, शिष्यवृत्त्या व घरे यांसाठी कल्याण निधी उभा राहिला होता. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी लढून मिळविलेली दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटीसाठी वाट मोकळी करताना तो उपकरच रद्द झाला. निधीचा झराच आटला. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरील कर २८ वरून १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला. विडी स्वस्त ठेवून मालकाचा खप सांभाळावयाचा आणि कामगार स्त्रीचा दवाखाना मात्र वाऱ्यावर सोडावयाचा, याला आरोग्याचे धोरण म्हणावे की कामगारांचे?

मागणी काय असावी?

व्हेपवरील बंदी रद्द करा, ही जनतेची मागणी असू शकत नाही. मागणी आहे ती बंदीचे तोंड योग्य दिशेला वळविण्याची. पहिली धाड बंदरावर, गोदामावर आणि संकेतस्थळांच्या मालकांवर पडली पाहिजे. टपरीवाल्याची पाळी शेवटी. आयुर्विमा महामंडळाने व इतर सरकारी निधींनी सिगारेट कंपन्यांतून आपला पैसा काढून घेतला पाहिजे. सिगारेटवरील कराचा निश्चित हिस्सा विडी कामगार व तंबाखू शेतकऱ्यांच्या पर्यायी रोजगारासाठी बांधून दिला पाहिजे, आणि कल्याण निधी पुन्हा सुरू झाला पाहिजे. निकोटीनची तलफ सोडविणारी औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आली आहेत. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाली पाहिजेत. सूचीतले औषध पापनाशमच्या शेतमजुराच्या हाती पडत नाही तोवर ती सूची म्हणजे नुसता कागद.

आख्यायिकेतल्या रामाने आपले पातक आधी मान्य केले आणि मग लिंगे स्थापिली. राज्यकर्ते पहिली पायरी चुकवून दुसरीवर उभे राहू पाहतात. सिगारेटच्या नफ्यातील आपली भागीदारी जोवर ते कबूल करून मोडीत नाहीत, तोवर व्हेपवरील बंदीने व्हेपचे दुकान फार तर गल्लीच्या आत सरकेल. तंबाखूचे पाप जागचे हलणार नाही.