मुठीतले चिंचोके

दिवाळीला घर पाहुण्यांनी भरले की फराळाच्या ताटांबरोबर आणखी एक गोष्ट बैठकीत आणली जाते. ती म्हणजे घरातले सात-आठ वर्षांचे मूल. कोणी काका किंवा मामा चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारतात, "काय रे, अडतीस आणि सत्तावीस किती?" प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, यात शंका नाही. पण बैठक एकदम गप्प होते. बाबा वर्तमानपत्र खाली ठेवतात, आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते, आणि मूल बिचारे अडतीसचाही विचार करीत नाही नि सत्तावीसचाही. ते आईच्या चेहऱ्याकडे पाहते. उत्तर तिथे लिहिलेले असावे, अशी त्याची समजूत असते.

माझ्या नणंदेची नात अकोल्याला असते. गेल्या वर्षी ती आठ वर्षांची होती. वहीतली बेरीज-वजाबाकी ती नीट करी, हातच्याचीसुद्धा. पण तोंडी विचारले की ओठ घट्ट मिटून घेई. पुढे पुढे तर कोणी पाहुणा आला की तिचे पोट दुखू लागे. "हिला गणित येतच नाही हो वहिनी," असे तिच्या आजीने तिच्यासमोरच मला सांगितले, तेव्हा मात्र माझ्या मनाला लागले. आठव्या वर्षी असला शिक्का एकदा बसला की तो पुसायला फार वर्षे लागतात. दिवाळीचे पंधरा दिवस ती आमच्याकडे अमरावतीला राहणार होती. पुस्तक काढायचे नाही, असे मी ठरवले आणि डब्यातले चिंचोके काढले.

खेळ अगदी साधा. दहा चिंचोके दोघींनी मिळून मोजायचे. एकीने पाठीमागे हात नेऊन काही मुठीत लपवायचे, उरलेले दुसरीपुढे टाकायचे. समोर चार दिसले तर मुठीत किती? सहा. मूठ उघडायची, मोजायचे, आणि मग लपवण्याची पाळी दुसरीची. आमच्या लहानपणीच्या एकी-बेकीचाच हा धाकटा भाऊ म्हणा ना! फरक इतकाच की एकी-बेकीत नशिबावर भागते, इथे उत्तर समोर पडलेले असते. ते वाचायचे असते. दहाच्या जोड्या पाठ झाल्या की बारा घ्यावेत, मग पंधरा, मग वीस. घाई करू नये. दहाशी मैत्री झाल्याशिवाय पुढची वजाबाकी सुधारत नाही. तेरातून आठ काढताना ज्याला आठाचा जोडीदार दोन आणि वर तीन, म्हणजे पाच, असे दिसते त्याला बोटांची गरज राहत नाही.

या खेळात खरी मौज लपवण्याच्या पाळीत आहे. मोठे माणूस उत्तर देते आणि मूल ते तपासते. मुठीत किती आहेत हे फक्त त्याला ठाऊक असते! मी मधूनच मुद्दाम "सात!" म्हणून सांगायची, आणि ती मूठ उघडून हसत सुटायची. तिसऱ्या दिवशी तिने मला बजावले, "आजी, तू मुद्दाम चुकतेस." ते तिला कळले, म्हणजे उत्तर तिला माझ्या आधी ठाऊक होते. मुलाला हिशेबाचा परीक्षक होऊ द्यावे, त्याला कायम परीक्षार्थी ठेवू नये, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. बाकी खेळ कोणताही चालेल.

सापशिडी तर घरोघरी असते. पण बहुतेक मुले ती एक, दोन, तीन, चार असे घर ठोकत खेळतात. त्यात बेरीज होतच नाही. आमच्याकडे एक नियम आहे : आधी बोल, मग चाल. सोंगटी सत्तेचाळीसवर आहे, फाशावर सहा पडले, तर कुठे जाणार ते आधी सांगायचे. सत्तेचाळीसला तीन दिले की पन्नास, उरले तीन, म्हणजे त्रेपन्न. साप गिळतो तेव्हा किती घरे घसरलो तेही सांगायचे. बासष्टवरून एकोणिसावर आलो, तर किती गेले? ही वजाबाकी खाली उतरत करू नये, खालून वर चढत करावी. एकोणिसाचे वीस करायला एक, विसाचे साठ व्हायला चाळीस, वर दोन. त्रेचाळीस. गाठीचे त्रेचाळीस गेले म्हणून मूल हळहळते खरे, पण हळहळताना हिशेब पक्का होतो.

आता एकोणिसाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या आकड्यांच्या नावांबद्दल थोडे बोलायला हवे. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्याजोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! थट्टा झाली, विधानसभेतही विषय गाजला. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे आपली बाजू मांडली होती. २०२३ साली त्या गेल्या. त्यांचे म्हणणे असे की जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही नावे लहान मुलांना अवघड जातात.

मला स्वतःला एकवीस सोडवत नाही. कानाला सवय आहे. पण तोंडी हिशेबापुरते त्यांचे म्हणणे किती खरे आहे, ते घरीच पाहावे. अडतीस म्हणताना आपण आठ आधी उच्चारतो आणि तीस मागून; लिहिताना मात्र तीन आधी. मनातल्या मनात बेरीज करायची तर दशक आधी हाताशी लागतात. तीस आणि वीस पन्नास, आठ आणि सात पंधरा, एकूण पासष्ट. मूल अडखळले तर त्याला "मनात तीस आठ म्हण, तोंडाने अडतीस म्हण" एवढे सांगून पाहावे. पाहुण्यांना काही कळत नाही आणि मुलाचे काम होते.

उलट आपल्या जुन्या नावांत एक वजाबाकी फुकट मिळते, तिचा फायदा आपण घेत नाही. एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणा. नावातच हिशेब सांगितला आहे! एकोणसाठ आणि चोवीस किती? साठ आणि चोवीस चौऱ्याऐंशी, त्यातला उणा एक काढला, त्र्याऐंशी. हे एकदा उमगले की मुले आपण होऊन एकोणतीस, एकोणचाळीस शोधू लागतात. मग कोणीतरी विचारतेच, "शंभराच्या आधी एकोणशंभर का नाही?" नव्याण्णव तेवढा या घराण्यात बसत नाही, आणि एकोणनव्वदाशी त्याचा घोटाळाही होतो. घोटाळा झाला तर हसावे, रागावू नये.

सात-आठ वर्षांच्या पुढची मुले असली तर 'एकवीस'चा खेळ सुरू करावा. याला साहित्य काहीच लागत नाही. दिवे गेले तरी चालतो. शून्यापासून सुरुवात. प्रत्येकाने आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन मिळवायचे आणि बेरीज मोठ्याने सांगायची. जो एकवीस म्हणेल तो जिंकला. पहिले दोन-तीन डाव सारे जण उगाचच आकडे टाकतात. मग एखाद्याच्या ध्यानात येते की आपण सतरावर पोहोचलो तर समोरच्याने काहीही मिळवले तरी एकवीस आपलेच. मग सारी धडपड सतरासाठी सुरू होते. आणखी एक-दोन दिवसांनी कळते की सतरासाठी तेरा हवेत. वाचकहो, इथे हात जोडून विनंती आहे : पुढचे आकडे मुलांना सांगू नका! आमच्या नातीला तेरा सापडले त्या रात्री ती अंथरुणात उठून बसली होती आणि "मग नऊ!" असे म्हणाली. तो आनंद आपण सांगून हिरावून घेण्यात काय अर्थ आहे? खेळ जुना वाटू लागला की उलटा करावा. एकवीस चिंचोके मांडून एक, दोन, तीन उचलत जावे. तीच बेरीज आता वजाबाकी होते.

घरातून बाहेर पडल्यावर तर हिशेबाला तोटा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. पावकी-निमकी घोकल्याशिवाय दुकानात पाऊल टाकण्याची सोय नव्हती. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पोरांचे अर्धे ओझे उतरले. चाराण्याचे नाणे ३० जून २०११ नंतर चालेनासे झाले. आणि आता मोबाइल दाखवला की पैसे पोहोचतात, सुटे परत घेण्याचा प्रश्नच उरला नाही. सोय मोठी झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण मुलाच्या हातात उरलेले पैसे पडत, ते त्याला मोजावे लागत, तो रोजचा खेळ मात्र घरातून गेला.

तो किती मोलाचा होता, याचा एक दाखला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले भाजीचे हिशेब तोंडी, बिनचूक करीत. पण तीच आकडेमोड पुस्तकातल्यासारखी कागदावर मांडून दिली की अडत. शाळेत जाणाऱ्या मुलांची गत याच्या उलट होती. वहीतले जमे, बाजारातले जमत नसे. म्हणजे एकीकडचे शहाणपण आपोआप दुसरीकडे जात नाही. त्याला कोणीतरी बोट धरून न्यावे लागते.

म्हणून दिवाळीच्या खरेदीला इतवाऱ्यात जाताना मी नातीला खजिनदार नेमले. दोनशेची एक नोट तिच्याजवळ दिली. पणत्या साठाच्या, रांगोळी पंचेचाळीसची. किती झाले, किती उरले? साठ आणि चाळीस शंभर, वर पाच. एकशे पाचाचे एकशे दहा करायला पाच, पुढे नव्वद. पंचाण्णव परत यायला हवेत. दुकानदार सुटे देईपर्यंत आमच्या बाईसाहेबांचा आकडा तयार होता. उत्साहाच्या भरात "उरेल ते तुझे" असे मात्र मुलांना सांगू नये. शेजारच्या घरी असे सांगितले गेले आणि अंगणात चारच पणत्या लागल्या!

भाऊबीजेनंतर तिला पोहोचवायला आम्ही एस. टी.ने अकोल्याला निघालो. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा हा आपला नेहमीचा रस्ता. खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांच्या पाट्या, हा प्रवासातला उत्तम खेळ. आमचा नियम असा : अमरावतीची सत्तावीस क्रमांकाची गाडी दिसली तर पाटीवरच्या चार आकड्यांच्या दोन जोड्या करून बेरीज, अकोल्याची तीस क्रमांकाची दिसली तर वजाबाकी. ४७३८ असेल तर अमरावतीकराचे पंच्याऐंशी, अकोलेकराचे नऊ. "आमच्याच गाडीला उणे का?" असे म्हणून नात भांडायला उठली. मग परतीच्या वाटेवर नियम उलटा, असा तह झाला.

याच रस्त्यावर ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत सलग करून विक्रम झाला, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे किती दिवस?" मी गप्प बसले. बोरगाव मंजू येईपर्यंत तिचा हिशेब चालला होता. चार दिवसांचे शहाण्णव तास, वर नऊ तास, तेहतीस मिनिटे.

मोठ्या भावंडांसाठी एक खेळ सांगायचा राहिला. तो आपल्या महाराष्ट्रातला आहे. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना आकड्यांचा नाद होता. त्यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत जगापुढे मांडली. चार अंक घ्या, मात्र सारे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. हे तोंडी करणे जड जाते, कागद घ्यावा लागतो.

तीन अंकांचा खेळ मात्र तोंडी होतो. ८, ३, १ घ्या. ८३१ वजा १३८. मांडणी न करता करायचे तर मोठा अंक आठ, लहान एक, फरक सात. म्हणून सातशेला सात उणे, ६९३. आता नऊ आणि तीन, फरक सहा. सहाशेला सहा उणे, ५९४. मग नऊ आणि चार, पाचशेला पाच उणे, ४९५. पुढे कितीही केले तरी ४९५च. सारे सारखे नसलेले कुठलेही तीन अंक घ्या, शेवटी याच घरी येतात. एखादे उत्तर ९९ आले तर पुढे शून्य धरून ते तीन अंकी करावे, म्हणजे गाडी अडत नाही. सातशेला सात उणे हे कशामुळे, हा प्रश्न सहावी-सातवीच्या मुलांनी रात्री गच्चीवर बसून सोडवावा.