कुलपातल्या कचेऱ्या आणि बेघर बायका

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मुंबईतील नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत 1,601 कोटी रुपयांना विकत घ्यायला मंजुरी दिली. त्या कंपनीचे मुख्यालय 2013 सालीच दिल्लीला हलले होते. शासनाची अनेक कार्यालये भाड्याच्या जागांत विखुरलेली आहेत, ती एका छपराखाली यावीत, हा या खरेदीमागचा हेतू. हेतू वाईट नाही. पण मैत्रिणींनो, या व्यवहाराने एक गोष्ट सिद्ध केली. मोक्याच्या जागेवरची कार्यालयाची इमारत घ्यायची म्हटली की शासनाकडे पैसा निघतो, फाइल हलते, केंद्राची परवानगीही येते. म्हणजे अडचण तिजोरीची नसते. छप्पर कोणाला द्यायचे, ही खरी अडचण असते. कचेरीला द्यायचे असेल तर ती ‘गरज’, बाईला द्यायचे असेल तर मात्र ‘निधी उपलब्ध नाही’!

आता मुंबईहून आमच्या उमरेडला या. नागपूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवरचे, कोळशाच्या खाणीचे हे तालुक्याचे गाव. 2011 च्या जनगणनेतच लोकसंख्या पन्नास हजारांवर गेलेली. इथे अंगणवाडीसेविका आहेत, आशा आहेत, परिचारिका आहेत, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली आहेत, मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर देठ खुडणाऱ्या बाया आहेत. त्यांतली एखादी नवऱ्याच्या मारापायी लेकरांना घेऊन बाहेर पडली आणि भाड्याची खोली शोधायला निघाली, की पहिला प्रश्न ठरलेला: “मालक काय करतात?” मालक नाही म्हटले की खोलीही नाही. मिळालीच तर भाडे जास्त, आणि रात्री कोण आले-गेले याचा हिशोब साऱ्या आळीला द्यायचा.

कायदा आपल्या बाजूने आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या कलम 17 ने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. कलम 19 खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला पर्यायी घर द्यायला किंवा घरभाडे भरायला सांगू शकतात. पण ज्या गावात एकट्या बाईला कोणी खोलीच देत नाही, तिथे भाड्याचा आदेश घेऊन तिने जायचे कुठे? कागदावरच्या हक्काला चार भिंती लागतात. त्या भिंती उभ्या करायला न्यायालय येत नाही, तिथे शासनाचा पैसाच लागतो.

आणि भिंती तर उभ्याच आहेत! तालुक्याच्या ठिकाणी नवी प्रशासकीय इमारत झाली की जुन्या कचेरीला कुलूप लागते. अधिकारी शहरातून ‘अपडाऊन’ करतात आणि शासकीय क्वार्टर ओस पडते. दारे जातात, खिडक्या जातात, शेवटी छप्पर बसते. मग इमारत ‘धोकादायक’ ठरते आणि गावच्या मध्यावरची ती जागा व्यापारी संकुलाला जाते. बाजार, दवाखाना, शाळा, बसस्थानक जिथून पायी गाठता येते, अशी ही जागा. रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेला किंवा लेकराला शाळेत सोडून कामावर धावणाऱ्या आईला याहून सोयीची जागा कोणती?

रिकाम्या बांधकामाचा उपयोग करायची कल्पना शासनाला सुचलेली नाही असे नाही. टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे गेले, त्यानंतर जुलै 2020 मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. सरकारी पैशातून बांधून पडून राहिलेली सुमारे लाखभर घरे दुरुस्त करून 25 वर्षांच्या कराराने चालवायला द्यायची होती. पुढच्या काही वर्षांत प्रत्यक्षात सहा हजारांच्या आतच घरे अशी वापरात आली. 2024 च्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नव्या टप्प्यात भाड्याच्या घरांना पुन्हा स्थान मिळाले, नोकरदार स्त्रियांचा उल्लेखही आला. पण तिथेही मोजली गेली ती रिकामी घरे. रिकाम्या कचेऱ्या कोणी मोजल्याच नाहीत.

2024-25 मध्ये केंद्राने नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांसाठी राज्यांना 5,000 कोटी रुपयांचे, 50 वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज ठेवले. स्वागतच आहे. पण वसतिगृह म्हणजे घर नव्हे. तिथे राहण्याची मुदत ठरलेली, मुलगा ठरावीक वयाचा झाला की त्याला बाहेर काढायचे. वय वाढलेल्या मुलासाठी आईने पुन्हा त्या मारणाऱ्या घरात जायचे का? आपल्याला आश्रम नको, उपकार नको. स्वतःच्या नावाचा भाडेकरार हवा.

कचेरीचे घर करणे सोपे नाही, हे मान्य. कचेरीत नळ आणि संडास एका कोपऱ्यात असतात, मधल्या खोल्यांना उजेड नसतो, स्वयंपाकघर तर नसतेच. प्रत्येक घराला मोरी, पाणी, वारा देण्यात खर्च आहे. तो बाजारावर सोपवला की काय होते ते इंग्लंडने पाहिले. तिथे 2013 पासून रीतसर नियोजन-परवानगी न घेता कार्यालयांची घरे करायची मोकळीक मिळाली. 2020 मध्ये सरकारनेच करून घेतलेल्या अभ्यासात अशा घरांपैकी जेमतेम 22 टक्के घरे जागेच्या राष्ट्रीय मापात बसली. काहींना तर धड खिडकी नव्हती. उलट कॅनडातल्या कॅलगरी शहराने 2021 पासून रिकाम्या कार्यालयांच्या रूपांतरासाठी चौरस फुटाला 75 डॉलरपर्यंत अनुदान दिले. त्याच शहरात एका जुन्या कार्यालयी इमारतीत परवडणारी घरे झाली आणि बेघर कुटुंबांसाठी निवाराही झाला. म्हणून सार्वजनिक पैसा हवा, आणि त्या पैशाला अटीही हव्यात.

आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. नगरपरिषद, महसूल, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि वेस्टर्न कोलफील्ड्स यांनी उमरेडमधल्या आपल्या रिकाम्या इमारतींची व क्वार्टरांची यादी जाहीर करावी. वसतिगृहाच्या आणि आवास योजनेच्या निधीतून जुन्या इमारतींच्या रूपांतरालाही पैसा मिळावा. जमीन व इमारत कायम सार्वजनिक मालकीची राहावी, कंत्राटदाराच्या घशात जाऊ नये. प्रत्येक घराला स्वतःची मोरी, चूल आणि खिडकी असावी. भाडे मिळकतीच्या प्रमाणात, करार बाईच्या नावावर आणि मुलाच्या वयाची अट नको. परित्यक्ता, विधवा, अविवाहित, कोणालाही ‘मालक’ विचारला जाऊ नये.

1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा टाकलेल्या बायकांचा प्रश्न ‘घरगुती’ म्हणून झटकता येणार नाही हे साऱ्या महाराष्ट्राला ऐकावे लागले. त्याला साडेतीन दशके उलटून गेली. तेव्हा आपण नवऱ्याला जाब विचारायला शिकलो. आता शासनाला विचारायचा आहे. प्रत्येक गटाने येत्या महिन्यात एवढेच करावे: चौघीजणींनी मिळून आपल्या गावात एक फेरी मारावी, कुलूप लागलेली प्रत्येक सरकारी इमारत वहीत लिहावी, आणि माहितीच्या अधिकारात विचारावे, की ही कोणाची, कधीपासून बंद, आणि का? उत्तरे हातात आली की तहसीलवर मोर्चा न्यायला आपल्याला वेगळे कारण शोधावे लागणार नाही.