विमान मळवायचं, पण पुराव्यानिशी

लोह्याच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघताना एक काम करा. समोर उभी असलेली लालपरी नीट बघा. चिखल उडालेला असतो तो चाकाच्या मागच्या बाजूला. दाराच्या दांड्याचा रंग हात लागून लागून गेलेला, पण छताजवळचा लाल तसाच. डिझेलच्या टाकीखाली ओघळ, त्यावर चिकटलेली धूळ. गाडीनं काय काय सोसलंय, ते कंडक्टरला न विचारता कळतं.

हे बघायला मला एका विमानानं शिकवलं. तेही वीतभर.

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये मिग-२१ला निरोप दिला गेला. १९६३ साली हवाई दलात आलेलं विमान, बासष्ट वर्षं राबलं. तेव्हा जवळपास प्रत्येक बातमीत ‘उडती शवपेटी’ हा शब्द होता. मी मात्र त्या बातम्या वाचून त्याचं बहात्तर पट लहान मॉडेल मागवलं. जोडलं, रंगवलं आणि मग ‘जुनं’ दिसावं म्हणून मळवायला घेतलं. पत्र्यांच्या जोडावर काळ्या रेघा ओढल्या, पंखांवर माती फासली, जिथं तिथं चंदेरी ओरखडे मारले. आमचे मामा गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतात. त्यांनी उचलून बघितलं आणि म्हणाले, “काय गं, हे इमान उडतंय का नांगरट करतंय?”

लागलं मनाला. पण हिशेब केला तेव्हा पटलं. खऱ्या मिगचा पंखविस्तार सात मीटरच्या थोडा वर, मॉडेलवर तो दहा सेंटीमीटर होतो. म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या विमानावर सात सेंटीमीटरचा. मी तीन-तीन मिलिमीटरचे ठिपके दिले होते. वीतभर रंग उडालेलं विमान कोणता फोरमन उडू देईल?

दुसऱ्या वेळी आधी फोटो बघितले. सुरुवातीची मिग चंदेरीच असायची, रंग न दिलेली. १९७१च्या युद्धाच्या सुमारास त्यांच्यावर हिरवे-तपकिरी पट्टे चढले. त्यामुळे त्या काळातलं विमान करत असाल, तर खरवडलेल्या जागी खालचा चंदेरी पत्रा दिसणं बरोबर. पण नाकातल्या शंकूवर चंदेरी ओरखडा दिलात की फसलात. त्याच्या आत रडार असतं, म्हणून तो शंकू धातूचा नसतोच. शेवटची बायसन विमानं करड्या रंगाची, तिथं हिरवा-तपकिरी चालत नाही.

कृती फार अवघड नाही. रंग वाळला की चकचकीत वॉर्निशचा हात द्या. काळपट-तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करा, बारीक ब्रशचं टोक जोडरेषेला टेकवा. रंग आपोआप खाचेतून पळतो, बघत बसावंसं वाटतं. अर्ध्या तासानं कानकोरणीच्या कापसानं पुसा, आणि पुसताना नाकाकडून शेपटीकडेच. हवा तशीच जाते ना! इंजिनाच्या तोंडाशी पेस्टल खडूची काळी भुकटी चोळा. जिथं मेकॅनिकचे बूट पडतात, त्या पंखाच्या मुळाशी किंचित घासटल्यासारखं. शेवटी मॅट वॉर्निश. खिडकी उघडी ठेवा, टर्पेंटाइननं डोकं चढतं.

आमच्या डेस्कवर बातमी दिली की पहिला प्रश्न येतो, “कुणी सांगितलं?” डागाचंही तसंच आहे. प्रत्येक डाग म्हणजे एक विधान. इथं तेल गळलं, इथं माणूस चढला. कारण सांगता येत नसेल तर तो डाग खोटा.

म्हणून मला ‘उडती शवपेटी’ या शब्दाचा राग येतो. चारशेहून जास्त अपघात झाले, दोनशेच्या आसपास वैमानिक गेले. हे झाकायचं कारण नाही. पण मग पुढचंही सांगा ना. ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगानं उतरणारं हे विमान नवख्या पोरांच्या हाती गेलं, आणि त्याआधी सराव करायला हवं असलेलं हॉक विमान आपल्याकडे २००८ साली आलं. सगळी काजळी एकट्या विमानावर चोळणं म्हणजे माझ्या पहिल्या मॉडेलसारखंच झालं. यातली शेकडो विमानं आपल्याच नाशिकजवळच्या ओझरला बनली. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला केला तो मिग-२१नीच. दर उड्डाणाआधी कुणीतरी त्यांच्या पोटाखाली वाकून गळती शोधत होतं, फडक्यानं पुसत होतं. त्या माणसाचा फोटो मला एकाही बातमीत दिसला नाही.

दुसरं मॉडेल झालं तेव्हा मुद्दामच मामांकडे नेलं. ते वरून बघून काहीच बोलले नाहीत. मग उलटं केलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला. पोटाखाली मी एकच बारीक ओघळ सोडला होता, शेपटीकडे पुसट होत गेलेला. त्यावर बोट ठेवून म्हणाले, “हितं गळतंय बघ. वायसर बदलावा लागतंय.”